नकाशावर पाच, तारांवर अकरा

माझ्या पोटावर तुम्ही चिकटवलेली चिठ्ठी खोटी आहे.

"निकामी. कारण : वय." एवढं लिहिलंत आणि खाली सही ठोकलीत. ज्याने सही केली त्याने मला जन्मात कधी पाहिलेलं नाही. मी वयाने गेलो नाही. मला तुम्ही मारलंत. एका दिवसात नव्हे, नऊ वर्षं, थंडगार खोलीत खुर्चीवर बसून, सावकाश मारलंत. त्याहून वाईट म्हणजे माझ्या आडून एका बाईचा श्वास पणाला लावलात. तिचं नाव तुमच्या यादीत होतं. ठळक अक्षरात होतं. तरी लावलात.

मित्रांनो, हे भांडण वीज कंपनीशी आहे; तुम्हाला ओळख द्यायच्या आधीच भांडायला लागलो, त्याची माफी असावी. मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. रस्त्याकडेच्या लाकडी खांबावर करड्या रंगाचं पिंप लटकलेलं तुम्ही पाहिलं असेल. तोच मी. आता मात्र खांबावर नाही. वीज कंपनीच्या भंगाराच्या आवारात एका फळकुटावर आडवा पडलो आहे. माझ्यातलं तेल काढून घेतलंय. पुढच्या आठवड्यात तांबं काढतील. तोवर जे सांगायचं ते सांगून घेतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादी पत्र्यांची थप्पी, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, आणि वेढ्यांच्या मध्ये कागद. हो, साधा तपकिरी कागद. लोकांना वाटतं आम्ही लोखंडाचे, आम्हाला काय होतंय! पण आमचं आयुष्य त्या कागदावर असतं. वेढ्यांमधून वीज धावते, तेल तापतं, तेलात बुडालेला कागद भाजतो. आधी काळसर होतो, मग कडक, मग पापडासारखा. एकदा का तो तुटला की तारेला तार चिकटते आणि आम्ही संपतो. पण थंड व्हायला वेळ मिळाला, तर हाच कागद पन्नास-पन्नास वर्षं टिकतो. आम्हाला दुसरं काही लागत नाही. रोज थोडा वेळ थंड होऊ द्या, बस.

मला मलबेरी कोर्टच्या तोंडाशी टांगलं तेव्हा खोऱ्यातलं आमचं गाव लहान होतं. चारी बाजूंना बदामाच्या बागा. मलबेरी कोर्ट म्हणजे पुढून उघडी, मागून बंद अशी एवढीशी गल्ली. कुणी शिंकलं तरी मला वर ऐकू येई. गल्लीत घरं अकरा. पुढची पाच माझ्याकडे आणि मागची सहा वॉलनट रस्त्यावरच्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे. मी पंचवीसचा. म्हणजे एका वेळी वीज वाहायची माझी ताकद पंचवीस केव्हीए. पाच घरांना ती भरपूर होती. तेव्हा घरांच्या छपरांवर पाण्याचे कूलर असत, चुली गॅसच्या. दिवसा ऊन कितीही तापलं तरी मध्यरात्रीनंतर खोऱ्यात गार वारा सुटे. घरं झोपत, कूलर बंद होत आणि माझं तेल निवे. रात्र ही माझी होती. ती कुणी लिहून दिलेली नव्हती, पण होती.

कौतुक एकदाच झालं. मागच्या बाजूच्या शेवटच्या घरात निनोस बादल नावाचे गृहस्थ राहतात. असिरियन, म्हणजे दूरदेशाहून आलेल्या जुन्या ख्रिस्ती लोकांतला माणूस. शाळेत मुलांना मोटारदुरुस्ती आणि वायरिंग शिकवायचे, म्हणून गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. एकदा ते आख्खा वर्ग घेऊन माझ्याखाली उभे राहिले.

"गप्प! ऐका. काय ऐकू येतंय?"

"काहीतरी गुणगुणतंय, सर."

"ते काम करतंय. तुम्ही काम करताना तोंड वाजवता, ते नुसतं गुणगुणतं. फरक कळला?"

मुलं हसली. मित्रांनो, मी त्या दिवशी इतका सुखावलो की तो दिवस अजून आठवतो.

मग नऊ वर्षांपूर्वीचा जानेवारी आला. तीन दिवस पाऊस आणि वादळ. वॉलनट रस्त्यावरचं निलगिरीचं झाड उन्मळून तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर पडलं. तो जागीच गेला. मागची सहा घरं अंधारात. कंपनीचा लाइनमन लिओनेल आव्हिला भर पावसात माझ्या खांबावर चढला. बाप गवळी, आजा पोर्तुगालच्या बेटांवरून आलेला, स्वतः बोलायला रांगडा. त्याने ती सहा घरं माझ्या तारांना जोडली आणि माझ्या पोटावर थाप मारली.

"दोन-तीन दिवस सांभाळ रे म्हाताऱ्या. तिकडे नवा बसला की ही ओझी काढतो तुझी."

मी सांभाळलं. दोन-तीन दिवस नव्हे, नऊ वर्षं.

लिओनेलचा यात दोष नाही. त्याने रीतसर फॉर्म भरला, ऑफिसात दिला. पण त्याच महिन्यात ऑफिसात जुने नकाशे टाकून नवे संगणकातले नकाशे आणायची घाई चालली होती. लिओनेलसारख्यांचे फॉर्म एका खोक्यात गेले. नंतर भरू म्हणाले. ते खोकं अजून तिथेच आहे, की कुणी त्यावर झाडाची कुंडी ठेवली आहे, मला माहीत नाही. वॉलनट रस्त्यावर नवा ट्रान्सफॉर्मर बसला, चांगला पन्नासचा. नकाशात ती सहा घरं त्याच्या नावावर चढली. प्रत्यक्षात ती माझ्याच गळ्यात राहिली. लिओनेलची बदली दुसऱ्या विभागात झाली. पन्नासचा तो गडी वॉलनट रस्त्यावरच्या स्वतःच्या तीन घरांवर आळसात बसून राहिला आणि मी पंचवीसचा, अकरा घरं ओढू लागलो.

तरीही निभावलं असतं. पण छपरांवरचे कूलर गेले आणि एअर कंडिशनर आले. उन्हाळे लांबले. रात्री गार वारा यायचा तो पहाटे यायला लागला, मग काही रात्री येईनासाच झाला.

आणि मग गाड्या आल्या.

विजेच्या गाड्यांवर माझा राग नाही, हे नीट ऐका. गल्लीतली पहिली विजेची गाडी मास्तरांनी घेतली आणि का घेतली ते मला ठाऊक आहे. त्यांची बायको शमिराम. सव्वीस वर्षं पीच फळं डब्यात भरायच्या कारखान्यात उभी होती. त्यात दर सप्टेंबरला बदाम झोडपतात तेव्हाची धूळ. ती तर खोऱ्यात सगळेच गिळतात. तिची फुप्फुसं गेली. घरात एक मशीन आलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं. ते चोवीस तास चालतं, माझ्या विजेवर. अशा घरांची वीज आधी सुरू करायची म्हणून कंपनीने एक यादी ठेवली आहे, तीत तिचं नाव चढलं. तिची खोली आणि गॅरेज यांच्यात एकच भिंत. मास्तरांनी गॅरेजात एक जुना पेट्रोलचा पिकअप ठेवला होता, स्वतःच्या हाताने उभा केलेला. पोरासारखा जपायचे. तो त्यांनी विकला.

शमिराम ओट्यावरून म्हणाली, "तीस वर्षं सांगतेय, याच्या धुराने माझे पडदे काळे होतात. तेव्हा नाही विकलास."

"पडदे खोकत नव्हते, शमी."

दुसऱ्या दिवशी तिने कादे भाजले, लोण्याचं सारण भरलेल्या गोड रोट्या, आणि ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरची चाकगाडी ओढत ओढत नव्या गाडीच्या नावाने गल्लीत वाटले.

तीन वर्षांत गल्लीत पाच विजेच्या गाड्या झाल्या. दर वेळी कंपनीकडे चार्जरसाठी अर्ज जायचा. दर वेळी तुम्ही, कंपनीवाले, नकाशा उघडायचात. नकाशावर माझ्या नावापुढे पाच घरं, त्यांतल्या दोघांच्या गाड्या. "भरपूर जागा आहे," म्हणून शिक्का. उरलेल्या तिघांचे अर्ज त्या पन्नासवाल्याच्या नावावर. तिथेही "भरपूर जागा." पाचही गाड्या माझ्यावर. मी तिथे लटकून ओरडत होतो. माझं गुणगुणणं घोगरं झालं होतं. पण नकाशाला कान नसतात.

यंदाच्या मे महिन्यात तुमचं पत्र आलं. गुळगुळीत कागद, वर हिरवं पान. "मध्यरात्री बारानंतर गाडी चार्ज करा. दर निम्मा. पृथ्वी वाचवा." पत्र गल्लीत सगळ्यांना आलं. वाचलं एकट्या मास्तरांनी. आणि मास्तरांचा स्वभाव असा की, आपल्याला एक चांगली गोष्ट कळली तर ती अकरा घरांना कळलीच पाहिजे. रविवारी, चर्चहून आल्यावर, हातात ते पत्र आणि खिशात चष्मा घेऊन ते दारोदार निघाले.

लुर्देस बोर्बा ही विधवा बाई माझ्या खांबाला लागून राहते. पोरांनी तिला विजेवरचा भलाथोरला पिकअप घेऊन दिलाय. ती दारातच उभी राहिली.

"गाडीला वेळ लावायची? मास्तर, माझा नवरा चाळीस वर्षांत कधी वेळेवर घरी आला नाही, ही गाडी ऐकेल होय?"

"ऐकेल. तो तुमच्याकडे बघून लांब पळायचा, गाडीला डोळे नाहीत."

"मेल्या मास्तरा!" ती हसत सुटली. "लावा काय लावायचं ते. पण बिघडली तर तुम्ही मला मासळीबाजारात पाठीवर घेऊन जायचं."

"बारा म्हणजे बरोब्बर बारा. संध्याकाळी येऊन वायर लावून ठेवा, बाकी ती आपोआप करेल. बाराच्या आधी हात लावायचा नाही."

असं करत मास्तरांनी पाचही गाड्यांच्या पडद्यावर स्वतःच्या बोटाने बारा लावले. शमिराम ओट्यावरून बघत होती.

"सगळ्यांना एकच वेळ कशाला? शाळेची घंटा आहे का?"

"पत्रात बारा लिहिलंय, शमी. बारा दहा नाही लिहिलं."

मित्रांनो, ही चूक असं म्हणाल तर चूक. पण ती कुणाची? नेमून दिलेलं नेमकं पाळणाऱ्या माणसाची, की न बघता नेमून देणाऱ्याची? मला पोटात कळलं होतं. पण मी काय करणार? मला खांबावरून हात हलवता येत नाही. मला "मास्तर, एकाला एकची वेळ द्या, एकाला तीनची" एवढं वाक्य बोलता येत नाही.

त्या रात्री बारा वाजले. आतापर्यंत गाड्या कशाही लागायच्या, कुणाची आठला, कुणाची अकराला. त्या रात्री चार सेकंदांत पाचही लागल्या. पाच बैल एकदम जुंपल्यासारखे. वर अकरा घरांचे एअर कंडिशनर होतेच. माझ्या ताकदीच्या दुपटीहून जास्त ओझं, आणि तेही नेमकं त्या तासांत, जे माझे निवायचे तास होते. पहाटे चार वाजता गाड्या भरल्या. सूर्य सहाला उगवला. मला दोन तास मिळाले.

अशा मी चौऱ्याहत्तर रात्री काढल्या. घरांच्या मीटरमधून तुम्हाला दर पंधरा मिनिटांनी आकडा जातो. कुठल्या घराने किती ओढलं, सगळं तुमच्याकडे आहे. फक्त ते अकरा आकडे एकमेकांत मिळवून माझ्या नावापुढे लिहायचे होते. दुसरीतलं पोर करेल. तुम्ही पाच माझ्या नावापुढे लिहिले आणि सहा भलत्याच्या.

ऑगस्टमध्ये लू आली. चार दिवस दुपारचा पारा एकशे आठच्या खाली उतरला नाही. हा ताप नव्हे, हवा; फॅरनहाइटमधले एकशे आठ, म्हणजे सेल्सिअसचे बेचाळीस. रात्रीही नव्वद. चौथ्या रात्री बाराला पाच गाड्या लागल्या आणि बारा वाजून एकोणीस मिनिटांनी माझ्या आत कुठेतरी कागद तुटला. बाहेर फक्त 'धप्' असा एक आवाज आला आणि करपलेल्या तेलाचा वास. मलबेरी कोर्ट काळंठिक्कर. वॉलनट रस्त्यावर दिवे तसेच.

मी जिवंत नव्हतो, पण खांबावर होतो. पुढचं सगळं मी ऐकलं.

पहिला आवाज मशीनचा आला. वीज गेली की ते चिरकतं. मग मास्तर धावताना ऐकू आले. त्यांनी शमिरामची नळी छोट्या सिलिंडरला जोडली, तिला खुर्चीसकट ओट्यावर आणलं, कारण घर भट्टी झालं होतं. सिलिंडर तीन तासांचा. घरात एकच होता. मग ते फोनला रेंज मिळावी म्हणून माझ्या खांबाखाली आले. फोनवर कंपनीची बाई होती. आवाज गोड.

"सर, आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या घरी वीज चालू आहे."

"तुमच्या नोंदीला इकडे पाठवा. मला दोन बोटं दिसत नाहीयेत."

"तुमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर व्यवस्थित चालू दाखवतोय. घरातला मेन स्विच पाहिलात का?"

"बाई, मी एकतीस वर्षं मुलांना वायरिंग शिकवलं. आख्ख्या गल्लीत अंधार आहे. आणि माझी बायको ऑक्सिजनवर आहे. तिचं नाव तुमच्या यादीत आहे, बघा. बादल, शमिराम."

कळा दाबल्याचा आवाज.

"हो सर, दिसतंय. त्या घराला सगळ्यात आधी प्राधान्य आहे."

"मग पाठवा ना माणूस!"

"पण त्या घरी वीज आहे, सर."

मास्तरांनी फोन कापला. मी त्यांच्या डोक्यावर मेलेला लटकलो होतो. मी मेलो हे त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिच्या पडद्यावर ते घर माझं नव्हतंच. तिचंही काय चुकलं? पडद्यावर जे दिसतं ते वाचायला तिला बसवलंय.

तेवढ्यात लुर्देस गाउनवरच बाहेर आली.

"मीही फोन केला. माझ्याकडे गेली म्हणतायत. पाच घरं बंद, त्यांची गाडी दोन तासांत येतेय. तुमच्याकडे काय म्हणाले?"

"आहे म्हणाले."

"आहे? मग मी तुमच्याकडेच येऊन बसते. उजेडात." आणि मग तिला टॉर्चच्या उजेडात ओट्यावरची शमिराम दिसली आणि तिचं हसू गेलं. "थांबा. माझ्या गाडीला मागे प्लग आहेत. पोरं सांगत होती, वीज गेली तर त्यावर अख्खं घर चालतं."

दोघांनी मिळून मशीन ओढत आणलं. पिकअपच्या मागच्या प्लगला लावलं. गाडीचा पडदा उजळला. मास्तरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "चार्ज कमी. बाहेरचा पुरवठा बंद."

"म्हणजे?"

"रिकामी आहे. बाकीच्याही रिकाम्याच असतील."

"मी संध्याकाळी सहालाच वायर लावली होती!"

"हो," मास्तर म्हणाले. "पण बारापर्यंत ती काही घेत नव्हती. मीच तसं लावलं होतं."

लुर्देसने गाडीला लाथ मारली. पायातली सपात उडून लांब जाऊन पडली.

"चला, वॉलनटवर जाऊ," ती म्हणाली. "कुणाच्याही दारावर थाप मारू. मशीन मी घेते, तुम्ही हिला घ्या."

शमिराम खुर्चीतून पहिल्यांदा बोलली. एकेक शब्द तोडून. "इतकं चालवत नाही. आणि हॉस्पिटल नको. मागे गेले तर वीस दिवस ठेवलं."

"दोन तासांत येतायत म्हणाले ना," मास्तर म्हणाले. "सिलिंडर तीन तासांचा आहे. पुरतोय."

पुन्हा तेच. कंपनीने वेळ सांगितली आणि मास्तरांनी ती मानली. सिलिंडरची चावी थोडी आवळली, म्हणजे अजून पुरेल. ओट्यावर पुठ्ठ्याने वारा घालत बसले. लुर्देस एका बाजूने ओला टॉवेल धरून. मधून मधून ती म्हणे, "शमी, तू मेलीस तर मास्तर माझ्या दारात येऊन बसेल, मला नको हा म्हातारा." आणि शमिराम हसायला जाई आणि दम लागे. मग लुर्देस स्वतःच्या तोंडावर हात मारून घेई.

अडीचला कंपनीची गाडी आली नाही. तीनला आली नाही. त्या रात्री खोऱ्यात माझ्यासारखे अजून किती करपले, कुणास ठाऊक. आणि आमच्या गल्लीला घाई नव्हती, कारण नकाशात माझ्या पाच घरांत मशीनवरचं माणूस एकही नव्हतं. ते दुसरीकडे होतं. तिथे दिवे होते.

चारला सिलिंडर संपला. शमिरामचे ओठ निळे दिसायला लागले तशी लुर्देसने न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. ती मात्र नऊ मिनिटांत आली. तिला घर शोधायला वीज कंपनीचा नकाशा लागत नाही.

वीज कंपनीची गाडी सकाळी साडेनऊला आली. गाडीतून लिओनेल उतरला. केस पिकलेले. बदली फिरून परत आमच्या विभागात आला होता. त्याने वर पाहिलं, तारा पाहिल्या आणि टोपी काढली.

"हे कुणी काढलं नाही अजून?"

कुणी काढणार? ज्याच्या नकाशात ते नव्हतंच तो?

त्याने ऑफिसला फोन लावला. गाडीत दुसरा पंचवीसचाच होता.

"हा बसवून चालणार नाही. अकरा घरं आहेत. पन्नासचा पाठवा."

"सिस्टिममध्ये पाच दिसतायत, लिओनेल."

"सिस्टिमला म्हणावं खांबाखाली येऊन मान वर कर. मी मोजतोय ना इथे! अकरा तारा. ती सहा घरं मीच जोडलीत, नऊ वर्षांपूर्वी, पावसात. फॉर्म दिला होता."

"मग परत फॉर्म भरा. पडताळणीला आठ-दहा आठवडे धरा. पन्नासचे शिल्लक कमी आहेत, लोड दाखवल्याशिवाय मंजूर होत नाहीत."

"लोड कसा दाखवू? तुमच्याकडे घरंच नाहीत!"

"म्हणून तर फॉर्म."

लिओनेलने फोन खिशात टाकला आणि एक अशी शिवी दिली की तुम्हा मुलांसमोर मी ती सांगणार नाही. मग माझे बोल्ट सोडायला लागला.

मी दोरीवर अर्ध्यात लोंबकळत होतो तेव्हा मास्तर आले. हॉस्पिटलातून शमिरामच्या चपला आणि चष्मा न्यायला. दाढी वाढलेली. खांबाखाली थांबले.

"कशी आहे ताई?" लिओनेलने विचारलं.

"श्वास घेतेय. गुरुवारी सोडतील म्हणाले, घरी मशीनची सोय असेल तर." मग म्हणाले, "पाचही गाड्यांना बाराची वेळ मी लावली होती. घरोघरी जाऊन. हे मी केलं का?"

लिओनेल पान्हा हातात धरून उभा राहिला.

"मास्तर, तुम्ही पत्र वाचलंत. पत्र लिहिलं कुणी?"

"ते मी विचारलं नाही. मी केलं का, ते विचारलं."

लिओनेलने दोरी सैल करून मला आणखी खाली सोडलं. त्यांनी मुलांना उभं करून माझं गुणगुणणं ऐकवलं होतं, आणि त्यांना एक अक्षर सांगायला माझ्याजवळ आवाज नव्हता.

मास्तर संध्याकाळी पुन्हा दारोदार जाणार आहेत, निघताना तसं म्हणाले. एकाला बारा, एकाला दोन, एकाला साडेतीन अशा वेळा लावून देणार आहेत. स्वतःची गाडी तर ते जोडणारच नाहीत. पण त्याने किती दिवस निभावेल? लिओनेलनेच खाली उतरताना सांगितलं, गल्लीत आणखी दोन घरांना चार्जर मंजूर झालेत. नकाशात जागा आहे ना!

मित्रांनो, आता तुम्हाला एक विनंती. घराबाहेर पडाल तेव्हा मान वर करून बघा. खांबावरचं ते पिंप कुणाकुणाचा भार वाहतंय, मोजा. गल्लीत कुणी मशीनवर श्वास घेत असेल तर तिचं घर कुठल्या खांबाला आहे ते माहीत करून घ्या. नवी गाडी घ्या, जरूर घ्या, हवा सगळ्यांचीच आहे. पण आपल्या शेजाऱ्याने कधी लावली आहे ते विचारून लावा. आणि आम्हाला थोडी रात्र ठेवा. एवढी काळजी लहान मूलही घेऊ शकतं. मोठ्यांना जमेना म्हणून तुम्हाला सांगतोय.

आता तुम्ही. चिठ्ठीवर सही करणारे.

आज मंगळवार. पहारेकऱ्याच्या रेडिओवर सांगतायत की गुरुवारी पारा एकशे दहावर जाणार. गुरुवारी शमिराम बादल घरी येणार. माझ्या जागी तुम्ही टांगलेला गडी माझ्याच ताकदीचा आहे. त्याचा कागद अजून पांढरा आहे आणि त्याला काही माहीत नाही. मला फॉर्म नको, हिरव्या पानाचं पत्र नको, दिलगिरी नको. मला तर आता काहीच नको, मी भंगार आहे. पण तुमच्याकडे फोन आहे, माणसं आहेत, गाड्या आहेत, आणि दोन दिवस आहेत.

गुरुवारी मध्यरात्री शमिरामच्या खोलीत वीज असेल की नसेल? हो किंवा नाही. उत्तर द्या.